थायरॉइडचा कॅन्सर: गळ्यावर चीर, काखेतून रोबो की तोंडातून दुर्बीण?

ओलीमाती
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. वय २६, नाशिकला बँकेत नोकरी. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये गळ्याची सोनोग्राफी झाली आणि थायरॉइडच्या उजव्या भागात १.४ सेंमीची गाठ निघाली. एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) केली. रिपोर्ट: बेथेस्डा ६ (म्हणजे कॅन्सर जवळपास नक्की), पॅपिलरी कार्सिनोमा, थायरॉइड कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार. मानेतले लिम्फ नोड (लसिका गाठी, कॅन्सर आधी तिथे पसरतो) सोनोग्राफीत साफ आहेत. त्रास काहीच नाही, तिला स्वतःला तर गाठ हातालाही लागत नाही.

दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले, अर्धी थायरॉइड काढू, गळ्यावर दोन इंचांची चीर, एक-दोन दिवसांत घरी. दुसरे म्हणाले, काखेतून रोबोने करू, गळ्यावर ओरखडासुद्धा दिसणार नाही. त्यांचा खर्च दुपटीहून जास्त. आईचं मत दुसऱ्या डॉक्टरांकडे, कारण घरात स्थळं बघणं चालू आहे. बाबा म्हणतात, जीव आधी, रूप नंतर. दोघांमध्ये मी अडकलोय. ज्यांनी करून घेतलंय किंवा या क्षेत्रातलं कळतं त्यांनी लिहा. हॉस्पिटलांची नावं देत नाही, कृपया विचारू नका.

चकलीबहाद्दर
रोबो म्हटलं की बिल फुगलंच समजा. यंत्राचे हप्ते तुमच्या बहिणीच्या गळ्यातून वसूल करणार. पहिल्या डॉक्टरांकडे जा आणि मोकळे व्हा.

शस्त्रवाला
ओलीमाती, पेशंट न तपासता निर्णय सांगणार नाही. पण मी जिल्ह्याच्या गावी मान-घशाच्या शस्त्रक्रिया करतो, तेव्हा थोडी पार्श्वभूमी देतो. जरा लांबेल.

तुमच्या घरात चीर कुठे द्यायची यावर वाद सुरू झालाय. त्याच्या आधीचा प्रश्न आहे किती काढायचं, आणि तो पहिल्या सर्जननी नीट सोडवलाय. पूर्वी कॅन्सर म्हटलं की सगळी थायरॉइड काढायची आणि वर रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइडच्या पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) द्यायचं, असा शिरस्ता होता. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी १ ते ४ सेंमीच्या कमी जोखमीच्या गाठींसाठी अर्धी ग्रंथी काढून थांबायला मोकळीक दिली. पेशंटच्या दृष्टीने हा बदल कुठल्याही रोबोपेक्षा मोठा आहे. अर्ध्याच बाजूला काम केलं की स्वरयंत्राची एकच नस धोक्यात येते. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी दुसऱ्या बाजूच्या दोघींना हातही लागत नाही, म्हणजे ते कॅल्शियम कोसळण्याची भीती जवळपास संपते. रेडिओआयोडीन लागत नाही, आणि बऱ्याच जणांना थायरॉइडची रोजची गोळीही लागत नाही. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना आधी हे विचारा: काखेतून तुम्ही अर्धी काढणार की सगळी?

आता वाटांविषयी.

गळ्यावरच, पण फक्त दीड-दोन सेंमीची चीर देऊन दुर्बिणीच्या मदतीने ग्रंथी काढायची पद्धत इटलीत पिसाच्या पाओलो मिकोली यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी बसवली. गाठ आणि ग्रंथी दोन्ही लहान असतील तरच जमते. आपल्याकडे याची फारशी जाहिरात होत नाही. माझ्या मते कारण सरळ आहे, व्रण छोटा का होईना गळ्यावरच राहतो आणि त्याला महागडं यंत्रही लागत नाही.

काखेची वाट जपान आणि कोरियात रुळली. सेऊलच्या सेव्हरन्स हॉस्पिटलात २००७ पासून ती रोबोने होऊ लागली. काखेत पाच-सहा सेंमीची चीर, तिथून छातीच्या स्नायूवरून आणि कॉलरबोनवरून कातडीखालून वाट करत गळ्यापर्यंत पोचायचं. हे कुटुंबाला कोणी उघड करून सांगत नाही. गळ्यावर व्रण नसतो हे खरं, पण आतून सोडवलेली जागा गळ्यावरच्या चिरेपेक्षा कितीतरी जास्त असते. वेळ जास्त, छातीवरचा बधिरपणा जास्त. हात वर करून बांधून ठेवल्याने हाताच्या नसांच्या जाळ्याला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. अमेरिकेत ही पद्धत सुरुवातीला जोरात पसरली, आणि २०११ मध्ये रोबो बनवणाऱ्या कंपनीनेच तिथे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचं पाठबळ काढून घेतलं. कोरियात ती अजून जोरात चालते, कारण तिथे बांधा सडपातळ आणि सर्जनचा हात रोजच्या सरावाचा.

तिसरी वाट तोंडातली. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला तीन छिद्रं, मधलं १० मिमीचं, बाजूची दोन ५ मिमीची. तिथून हनुवटीवरून खाली गळ्यात उतरायचं. बँकॉकच्या पोलीस जनरल हॉस्पिटलमधले अंकून अनुवोंग यांनी २०१४ पासून ही पद्धत नावारूपाला आणली. २०१८ पर्यंत त्यांनी सव्वाचारशे पेशंटचा अनुभव छापला. भारतातही काही ठिकाणी होते. कातडीवर कुठेच व्रण नाही, शिवाय काखेच्या मानाने अंतर कमी. रोबो लागतोच असं नाही, साध्या दुर्बिणीच्या सामानावर होते. तोटे: हनुवटी काही आठवडे बधिर राहू शकते, आणि गाठ मोठी असली की बाहेर काढताना फुटते. कॅन्सरमध्ये फुटलेला नमुना म्हणजे पॅथॉलॉजिस्टची पंचाईत. म्हणून कॅन्सरसाठी बहुतेक सर्जन २ सेंमीपर्यंतच्याच गाठी तोंडातून घेतात.

या सगळ्या वाटांचे निकाल कॅन्सरच्या दृष्टीने तूर्त बरोबरीचे दिसतात. पण ते निवडून घेतलेल्या, छोट्या गाठींच्या पेशंटचे निकाल आहेत. पॅपिलरी कॅन्सर वीस वर्षांनीही परत डोकं वर काढू शकतो, आणि तोंडाची वाट अजून तेवढी जुनी नाही.

चकलीबहाद्दर
डॉक्टर, म्हणजे मी म्हणालो तेच ना?

शस्त्रवाला
नाही. गरज असलेल्या माणसाला रोबोचा उपयोगही होतो. गरज कोणाला, हा प्रश्न आहे.

तारषड्ज
मी गाते (शास्त्रीय). माझी अर्धी थायरॉइड गळ्यावरच्या चिरेतून काढली. गाठ कॅन्सरची निघाली नाही, पण भीती तीच होती. गाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी. स्वरयंत्राच्या मुख्य नसेबद्दल सगळे सर्जन बोलतात, पण वरच्या बाजूला एक बारीक फांदी असते, तिला धक्का लागला तर बोलणं जसंच्या तसं राहतं आणि तार सप्तकात आवाज चढत नाही. रोजच्या बोलण्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेलिता गॅली-कर्ची नावाच्या जगप्रसिद्ध गायिकेचं १९३५ मध्ये गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज त्यामुळे गेला असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पुढे काही अभ्यासकांनी ते खोडून काढलं म्हणतात, पण सर्जन मंडळी तो किस्सा अजून शिकवतात.

मी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घेतले, आणि नसेचं मॉनिटर लावणार का हेही विचारलं. सुरुवातीला संध्याकाळ झाली की आवाज थकायचा. मग हळूहळू रियाज पूर्वपदावर आला. गळ्यावरची रेघ? मैफलीत पहिल्या रांगेलाही दिसत नाही.

सेऊलचा_पाहुणा
कोरियाचा विषय निघाला म्हणून. इथे कंपनीच्या वार्षिक तपासणीत थोडे पैसे जास्त भरले की गळ्याची सोनोग्राफी होते. परिणाम असा झाला की २०११ मध्ये इथलं थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर लोकांना निदान. मृत्यू मात्र होते तेवढेच, वर्षाला चारशेच्या आसपास. म्हणजे एवढा कॅन्सर वाढला नव्हता, तो शोधायची खोड वाढली होती. आणि ज्यांना सापडला त्यांतल्या बहुतेकांचं ऑपरेशन झालं. काखेतल्या रोबोची भरभराट नेमकी याच काळातली आहे. त्रास नसलेल्या तरुण बायका, छोट्या गाठी, गळ्यावर व्रण नको. अशी गर्दी मिळाल्यावर पद्धत वाढणारच. २०१४ मध्ये इथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे आवाज उठवला आणि पुढच्या वर्षभरात ऑपरेशनं साधारण ३५ टक्क्यांनी घटली.

ओलीमाती, तुमच्या बहिणीची गाठपण चेकअपमध्येच सापडली आहे. थांबून बघायचा पर्याय कोणी दिला का?

ओलीमाती
नाही, कोणीच नाही. थांबता येतं?

शस्त्रवाला
येतं, काही जणांना. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून १ सेंमीपर्यंतच्या पॅपिलरी गाठी ऑपरेशन न करता नुसत्या सोनोग्राफीने पाहत राहायला सुरुवात केली. बाराशेहून जास्त पेशंट. दहा वर्षांत गाठ ३ मिमी किंवा अधिक वाढली अशांचं प्रमाण ८ टक्के, आणि नोडमध्ये गेलं अशांचं ३.८ टक्के. त्यांचं नंतर ऑपरेशन केलं तरी बिघडलं नाही. पण त्याच आकडेवारीत तरुण वयात गाठ वाढण्याची शक्यता जास्त दिसते, साठीनंतर सगळ्यांत कमी. हिचं वय २६, गाठ १.४. मी असतो तर ऑपरेशनचाच सल्ला दिला असता. घाई मात्र नाही. चार-सहा आठवडे विचार करण्यात गेले तर काही हातचं जात नाही. 'उद्याच अ‍ॅडमिट व्हा' म्हणणाऱ्यापासून जरा जपून.

सेऊलकर, लिहिलंत ते बरोबर आहे. चेकअपच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी घुसवणं आपल्याकडेही सुरू झालंय. त्रास नसताना, घरात कोणाला थायरॉइड कॅन्सर नसताना, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं नसताना ही तपासणी कशाला? पण सापडल्यावर न सापडल्यासारखं वागता येत नाही, हेही आहेच.

निवृत्त_मास्तर
आमच्या मंडळींचं साताऱ्यात ऑपरेशन झालं त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा रोबो कसला, सोनोग्राफीला सुद्धा पुण्याला पाठवायचे. सगळी थायरॉइड काढली. सहा-आठ महिने लाल रेघ होती, मग कातडीच्या वळीत मिसळून गेली. लग्नाकार्यात ठुशी घातली की ती नेमकी तिथंच बसते. बायका विचारतात, 'वहिनी, ठुशी कुठं घडवली?' रेघ कुणी विचारत नाही. ओलीमाती, आईंना सांगा, मुलीच्या गळ्यावरची रेघ बघून जो नाही म्हणेल त्याला आपणच नाही म्हणावं. बाकी गोळी सकाळी उपाशीपोटी आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानं, हा नेम आमच्याकडं आजतागायत मोडलेला नाही. मोडला तर मला बोलणी बसतात.

घुंगरूवाली
मास्तर, तुमचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडते. 'व्रणाचं काय एवढं' हे म्हणणं दुसऱ्याच्या गळ्याबद्दल सोपं असतं. मी भरतनाट्यम् शिकवते आणि करते. गळा, मान, चेहरा, लोकांची नजर तिथेच. माझं ऑपरेशन काखेतून रोबोने झालं, मी स्वतः मागून घेतलं आणि मला आनंद आहे.

पण डॉक्टरांनी लिहिलं ते खरं आहे. छातीचा वरचा भाग कित्येक महिने बधिर होता, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या कातडीला हात लावतोय असं वाटायचं. गिळताना आत ओढल्यासारखं व्हायचं. हात पूर्ण वर न्यायला फिजिओथेरपी लागली आणि नाचात हात वर न्यावाच लागतो, म्हणून तेवढा काळ वर्ग दुसरीकडे सोपवले. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी हेच निवडलं असतं, फक्त कार्यक्रमाच्या तारखा पुढे ढकलल्या असत्या. ओलीमाती, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आईचं मत आहे, बाबांचं आहे, तुमची अडचण आहे. बहीण काय म्हणते?

बिलबाबू
मी विम्याच्या दाव्यांचं काम बघतो. रोबोकडे जाणार असाल तर आधी पॉलिसी काढून 'आधुनिक उपचार' हे कलम वाचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया विमा कंपनीला सरसकट वगळता येत नाही, पण तिच्यावर वेगळी मर्यादा घालता येते. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असली तरी रोबोसाठी त्यातले अमुक टक्केच, असं लिहिलेलं असू शकतं. वर रोबोच्या एकदा वापरून टाकायच्या सामानाचं बिल वेगळं लागतं आणि त्यावर हमखास वाद होतो. हॉस्पिटलच्या काउंटरवरची 'कॅशलेस होऊन जाईल' ही तोंडी हमी धरू नका, पूर्वमंजुरीत नेमकी रक्कम आणि शस्त्रक्रियेचं नाव लेखी बघा. खोलीचं भाडं मर्यादेबाहेर गेलं की बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं, हे तर लोकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल बघावं, थायरॉइडची नेहमीची शस्त्रक्रिया त्यात बसते.

बेथेस्डा_सहा
नमस्कार. खास या धाग्यासाठी खातं उघडलंय. ज्या गळ्याची चर्चा चालू आहे तो माझा आहे. दादाने लिंक पाठवली, 'वाच, चांगली माहिती आहे' म्हणाला. माहिती खरंच चांगली आहे. घुंगरूवालीताई, विचारल्याबद्दल तुमचे विशेष आभार, आमच्या घरात हा प्रश्न अजून निघायचा आहे.

मला स्थळांचं काही पडलेलं नाही. पण एक गोष्ट आहे, ती मी दोन्ही डॉक्टरांना सांगितली नाही कारण त्यांनी विचारली नाही आणि मला महत्त्वाची वाटली नाही. माझ्या दंडावरची बीसीजीची खूण रुपयाएवढी फुगलेली आहे, खाजते. कॉलेजात असताना कानाला दुसरं भोक पाडलं तिथे मागच्या बाजूला गाठ आली, ती काढली तर दुप्पट होऊन परत आली. त्वचेचे डॉक्टर केलॉइड म्हणाले होते. मास्तरकाकांच्या काकूंची रेघ वळीत मिसळली. माझी मिसळेल का?

शस्त्रवाला
आता चित्र बदललं. ही माहिती पहिल्याच भेटीत निघायला हवी होती.

केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या माणसात गळ्यावरची चीर दोरासारखी जाड, लालसर, खाजणारी होऊ शकते. सिलिकॉन जेल, स्टिरॉइडची इंजेक्शनं हे सगळं करता येतं, पण आधीच दोन ठिकाणी झालंय आणि काढल्यावर परत आलंय, म्हणजे धोका कागदावरचा नाही. तुमच्या बाबतीत गळ्यावर चीर नको म्हणणं ही हौस नव्हे, वैद्यकीय कारण आहे.

पण त्याच कारणाने काखही मला पसंत नाही. तिथेही कातडीच कापायची आहे, आणि काही पद्धतींत छातीवरही छिद्र पाडतात. छाती, खांदा, कानाची पाळी या केलॉइडच्या आवडत्या जागा. तोंडाच्या आतल्या अस्तरावर मात्र केलॉइड जवळजवळ होतच नाही. १.४ सेंमी, नोड साफ, आधी मानेचं ऑपरेशन नाही, बांधा साधारण असेल तर तोंडाच्या वाटेच्या निकषांत तुम्ही बसता. एक तपासून घ्या: गाठ ग्रंथीच्या मागच्या कडेला, श्वासनलिकेला किंवा नसेच्या वाटेला चिकटून तर नाही ना. तशी असेल तर उघडं ऑपरेशन जास्त सुरक्षित, मग व्रणाचं नंतर बघू.

सर्जन शोधताना 'तोंडातून करता का' एवढंच विचारून थांबू नका. गेल्या वर्षी थायरॉइडची एकूण किती केलीत, त्यातली तोंडातून किती, त्यांत कॅन्सरची किती, आणि मधेच सोडून गळ्यावर चीर द्यावी लागली असं कितीदा झालं? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला पंचवीसहून अधिक पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनच्या हातून गुंतागुंत कमी होते असं दिसलंय. हा आकडा नेहमीच्या ऑपरेशनचा आहे, तोंडातल्या कामाला सराव त्याहून जास्तच लागतो. जो सर्जन आकडे सांगताना चिडतो त्याला नमस्कार करून बाहेर पडा. आणि गरज पडली तर गळ्यावर चीर देण्याच्या संमतीवर सही करावीच लागेल, त्याला घाबरू नका. ती सही न घेणारा सर्जन मला जास्त धोकादायक वाटतो.

चकलीबहाद्दर
बेथेस्डाताई, शुभेच्छा. माझे वरचे दोन प्रतिसाद तुमच्या केसला लागू नाहीत असं समजावं. बाकीच्यांना आहेत.

सुरमई_बंद
मी जरा वेगळ्या गटातली, तरी लिहिते, कारण धागा शोधत येणाऱ्यांत माझ्यासारख्याही असतील. माझी गाठ चार सेंमीच्या वर होती आणि बाजूच्या नोडमध्ये पसरलेली. मला काख-तोंड असला काही पर्याय कोणी दिलाच नाही, आणि बरोबरच होतं. सगळी थायरॉइड आणि मानेच्या एका बाजूचे नोड काढले, व्रण कानापाशी जातो. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियम उतरलं होतं. सलाइनमधून दिलं, मग गोळ्या. पॅराथायरॉइड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी, त्यांचं रक्त ऑपरेशनमध्ये थोडं तुटलं तरी त्या रुसतात म्हणे. माझ्या रुसवा काढून परत कामाला लागल्या, पण वेळ घेतला. कॅल्शियमची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, हे नर्सने सांगितलं, डिस्चार्ज कार्डावर नव्हतं.

मग रेडिओआयोडीन. परळला टाटाच्या आवारात अणुऊर्जावाल्यांचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे घेतलं. आयोडीन-१३१, आठ दिवसांत निम्मं होतं, तोवर लोकांपासून लांब राहायचं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून तर विशेष. त्याआधी कमी आयोडीनचा आहार. मी मालवणची. मासे बंद, अंडी बंद, दूध-दही बंद, बेकरीचं बंद, हॉटेलचं बंद. मीठ बिनआयोडीनचं. सैंधव चालतं असं सगळे सांगतात, पण पाकीट उलटून बघा, काही सैंधवावरही 'आयोडीनयुक्त' छापलेलं असतं. आजूबाजूला बांगडे तळत होते आणि मी भात आणि मिठाशिवाय उकडलेला दुधी खात होते. कॅन्सरपेक्षा तेच जास्त आठवतं.

शस्त्रवाला
सुरमईताई, हे लिहिलंत ते फार चांगलं. नोडमध्ये पसरलेला आजार, श्वासनलिकेला चिकटलेली गाठ, मेड्युलरी हा थायरॉइड कॅन्सरचा वेगळा प्रकार, या ठिकाणी छोट्या चिरेचा मोह नकोच. सगळं डोळ्यांसमोर उघडं ठेवून काढायचं.

थोडा इतिहास सांगायचा मोह होतोय. एकोणिसाव्या शतकात गलगंडाच्या ऑपरेशनमध्ये माणसं टेबलावरच रक्तस्रावाने जायची, चांगले सर्जन हात लावायचे नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या थिओडोर कोखर यांनी शांतपणे, एकेक रक्तवाहिनी बांधत काम करून मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. गळ्यावरची आडवी चीर आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सगळी ग्रंथी काढलेले पेशंट पुढे मंद, सुजलेले होतात हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पूर्ण ग्रंथी काढणं टाळायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबायचं शहाणपण तेवढं जुनं आहे. मधल्या काळात गोळ्या आल्या आणि आपण ते विसरलो.

बेथेस्डा_सहा
बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. ऑपरेशन झालं. मुंबईत, तोंडातून, उजवी अर्धी ग्रंथी. रोबो नाही, दुर्बीण. सर्जनबाईंना डॉक्टरांनी सांगितलेले चारही प्रश्न विचारले. आई शेजारी बसून मला कोपर मारत होती की किती विचारतेस. बाईंनी वही काढून आकडे दाखवले, दोन वेळा मधेच गळ्यावर चीर द्यावी लागली तेही सांगितलं. तिथेच ठरलं.

आता खरं खरं. पहिले दोन दिवस हनुवटी आणि गळा सुजून मी ओळखू येत नव्हते. हनुवटीखाली निळं पडलं होतं. पातळ खाणं, प्रत्येक वेळी माउथवॉश, अँटिबायोटिक. ओठ आणि हनुवटी बधिर, चहा पिताना कप कुठे टेकलाय ते कळायचं नाही. ते आता बरंच कमी झालंय, मधल्या भागात थोडं उरलंय. मान वर केली की आतून ताणतं. आवाज ठीक. 'छोटं ऑपरेशन आहे' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, छोटं फक्त बाहेरून दिसतं.

रिपोर्ट: पॅपिलरी, १.५ सेंमी, कवचाच्या आत, कडा मोकळ्या. पुढे काही नको, फक्त टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी ठरलेल्या वेळी. गोळी सध्या तरी नाही. बिलबाबू, पूर्वमंजुरीचं तुमचं वाक्य काउंटरवर जसंच्या तसं म्हणून दाखवलं, काम झालं.

घुंगरूवाली
वा! हनुवटीला कोमट पाण्याचा शेक आणि बोटांनी हलका मसाज, पण बाईंना विचारून.

निवृत्त_मास्तर
छान झालं पोरी. मंडळी म्हणतात, ठुशीचं डिझाइन पाठवू का? रेघ नसली तरी घालायला हरकत नाही.

दक्षिणकसबा
धागा पूर्ण वाचला. माझ्या आईचं वय ६३, सोलापूरला असते. थायरॉइडची मोठी गाठ आहे, साडेसहा सेंमी, सीटी स्कॅनमध्ये छातीच्या हाडामागे उतरलेली दिसते. आडवं झोपलं की श्वास अडकतो. एफएनएसी बेथेस्डा ३. एका ठिकाणी 'दुर्बिणीने काढून देऊ, व्रण राहणार नाही' म्हणाले. तोंडातून जमेल का?

शस्त्रवाला
दक्षिणकसबा, नाही. छातीच्या हाडामागे उतरलेली, श्वासनलिका दाबणारी एवढी गाठ तोंडातून किंवा काखेतून काढायची नसते. बेथेस्डा ३ म्हणजे कॅन्सर असेलही किंवा नसेलही. अशा गाठीचं निदान कवच शाबूत असलेल्या अख्ख्या नमुन्यावरच होतं, तुकडे झाले तर पॅथॉलॉजिस्ट काही सांगू शकणार नाही. गळ्यावर नीट पुरेशी चीर, अनुभवी सर्जन, आणि भूलतज्ज्ञाला सीटी स्कॅन आधी दाखवलेला असावा, कारण दाबलेल्या श्वासनलिकेत नळी घालणं हेच त्या दिवशीचं पहिलं अवघड काम असेल. आयसीयूची सोय असलेलं हॉस्पिटल बघा. आडवं झोपून श्वास अडकतोय म्हणता, तेव्हा यात मात्र महिनाभर विचार करत बसू नका. सोलापुरात होण्यासारखं आहे की पुण्याला न्यावं लागेल, ते सीटी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. स्कॅनचा लेखी रिपोर्ट, नाव खोडून, इथे टाका.

दक्षिणकसबा
टाकतो. उद्या सकाळी भावाकडून फोटो मागवतो.